डिस्क हातात आली, गेम कुठे आहे?

मंडळी, आज चोपड्याला येताना एसटीत शेजारच्या पोराने विचारलं, "भाऊ, गेमची डिस्क घेऊ का डाउनलोडच करू?" माझं उत्तर अर्ध्यावर होतं आणि अडावद आलं. पोरगा उतरून गेला. राहिलेलं तुम्हाला सांगतो.

आधी हिशेब. त्याच्याकडे रोजचा दीड जीबीचा पॅक. आजचे मोठे गेम 100 जीबीच्या घरात जातात. म्हणजे व्हॉट्सअ‍ॅप नाही, रील नाही, बहिणीला हॉटस्पॉट नाही, तरी 67 दिवस. कोटा संपला की नेट 64 केबीपीएसवर रांगतं. त्या चालीने तोच गेम उतरायला सुमारे 145 दिवस लागतील. तेवढ्यात आपली कपाशी वेचणीला येते! आणि आजचा उरलेला डेटा उद्या मिळत नाही. पाटाच्या पाण्याची पाळी चुकली की चुकली, तसंच.

मग डिस्क बरी? एके काळी होती. मी भुसावळला सीडीचं दुकान चालवलंय. (बरीचशी सीडी कॉपीच असायची, आता कबूल करायला काय जातं.) 700 एमबीत अख्खा गेम मावायचा, आणि एक सीडी सगळ्या गल्लीत फिरायची. पण 2004 साली 'हाफ-लाइफ 2' हा गेम आला, तिथेच मेख बसली. डबा रोख पैसे मोजून घ्या, तरी स्टीमवर (पीसी गेमचं ऑनलाइन दुकान) नेट लावून नोंदवल्याशिवाय खेळ सुरू होईना. 2015 ला 'जीटीए 5' पीसीवर सात डीव्हीडींत आला, वर अपडेट वेगळे. आता तर कित्येक नव्या लॅपटॉपला डीव्हीडी ड्राइव्हच नसतो. 2025 च्या स्विच 2 या निन्टेन्डोच्या गेम मशीनसाठी काही गेम अशा कार्डावर येतात की त्यात गेम नसतोच, फक्त किल्ली असते. गेम नेटवरूनच उतरवायचा. लग्नाची पत्रिका हातात, पण जेवण अजून शिजायचंय.

सोनीच्या प्लेस्टेशन 5 या गेम मशीनची गोष्ट थोडी वेगळी. डिस्क ड्राइव्हवालं मशीन असेल तर 100 जीबीपर्यंतची डिस्क चालते, आणि खेळून झाल्यावर ती मित्राला देता येते, विकता येते. डाउनलोड केलेला गेम विकता येत नाही. माझ्या मते आपल्याकडे हा फायदा फार मोठा आहे, कारण एक डिस्क चौघांत घेणारी पोरं इथेच आहेत.

पीसीवाल्यांनी मात्र तिसरी वाट धरावी. गेम स्वतःच्या खात्यावर विकत घ्यायचा, पण फाइली मित्राच्या मशीनवरून घ्यायच्या. स्टीमने 2023 मध्ये ही सोयच करून दिली: दोन्ही मशीन एकाच राउटरला जोडा, गेम एकातून दुसऱ्यात जातो, इंटरनेटचा डेटा जवळजवळ लागत नाही. नाहीतर जळगावला मामाकडे फायबर असेल तर तिथे उतरवून हार्ड डिस्कवर आणा. फक्त ती हार्ड डिस्क आधी एनटीएफएस या फाइल ठेवायच्या पद्धतीत फॉरमॅट करा. एफएटी32 या जुन्या पद्धतीत 4 जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, आणि हे मामाकडे पोचल्यावर कळलं तर काय भो, परत एसटीच.