‘रंगांची मैफल’ हा शब्द आता बंद करा

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय, ‘गेरहार्ड रिख्टरची केज-चित्रं : संगीत चित्रात कुठून शिरतं’. रिख्टर हा जर्मन चित्रकार. त्या विषयाकडे येतोच. त्याआधी एक तक्रार मांडतो, म्हणजे पुढचं बोलणं सोपं जाईल.

आपल्याकडे कुठल्याही अमूर्त चित्रांच्या प्रदर्शनाची बातमी उघडा, ‘रंगांची मैफल’ भरलेलीच असते. रेषांची जुगलबंदी असते, छटांच्या ताना असतात. पिवळा दिसला की सारंग, निळा दिसला की दरबारी, आणि काहीच दिसलं नाही तर भैरवी! (हशा) हसू नका, यातलीच मंडळी इथे बसली आहेत.

याचा कळस म्हणजे ते मंचावरचे कार्यक्रम, एकीकडे गायन आणि दुसरीकडे चित्रकार. त्यात तांत्रिक अडचणी काय असतात ते बघा. कॅनव्हास चार बाय सहा फूट, वेळ चाळीस-पन्नास मिनिटं. तैलरंग बादच, कारण त्याचा पातळ हातसुद्धा सुकायला दोन-तीन दिवस घेतो. म्हणून अ‍ॅक्रिलिक. अ‍ॅक्रिलिकचा पातळ थर दहा-पंधरा मिनिटांत वाळतो, पंख्याखाली त्याच्याही आधी. आलापीत निळ्यात करडा मिसळायला घेतला, तर बडा ख्याल अंतऱ्यावर येईपर्यंत त्या निळ्याची कड सुकून बसलेली असते आणि दोन छटांमध्ये कापल्यासारखी रेघ उमटते. वाळणं लांबवायला रिटार्डर घालावा, तर उभ्या कॅनव्हासवर रंग ओघळतो. वरून मंचावरचे पिवळट दिवे, त्यांत गडद निळा आणि काळा वेगळे ओळखू येत नाहीत. शेवटी द्रुत सुरू होतं, ब्रश तबल्यामागे धावतो, तिहाई येते आणि समेवर लाल फटकारा. टाळ्या! चित्रात काय असतं? एक तंबोरा आणि एक चंद्र.

आता समेवर फटकारा पडला म्हणून संगीत चित्रात आलं असेल, तर समेवर मान हलवणारा प्रत्येक श्रोता गवईच म्हणायचा.

सूर म्हणजे रंग हे समीकरण परदेशातही जुनंच आहे. रशियन चित्रकार कांडिन्स्कीने जानेवारी १९११मध्ये म्युनिकला संगीतकार शोएनबर्गची मैफल ऐकली आणि ‘इम्प्रेशन ३’ रंगवलं. त्यात पियानोचा काळा आकार आहे आणि त्याच्याभोवती पिवळा पसरलाय. त्याला माफ आहे, त्या वाटेवर तो आधी चालला. शंभर वर्षांनी आपण त्याच वाटेवरची तिकिटं का फाडतोय, एवढाच प्रश्न.

बरं. रिख्टर. जन्म १९३२, ड्रेस्डेन. १९६१मध्ये पूर्व जर्मनीतून निसटून ड्युसेलडॉर्फला आला, पुढे कलोनला स्थिरावला. १९९२मध्ये त्याने चार मोठी चित्रं केली आणि त्यांना जर्मन संगीतकार बाखवरून नाव दिलं ‘बाख’. ती स्टॉकहोमच्या मोडेर्ना म्युझेट या कलासंग्रहालयात आहेत. २००६मध्ये केली सहा, त्यांचं नाव ‘केज’, अमेरिकन संगीतकार जॉन केजवरून. २००७च्या व्हेनिस बिएनाले या कलाप्रदर्शनात ती मांडली गेली आणि पुढे लंडनच्या टेट मॉडर्न संग्रहालयात एका दालनात एकत्र राहिली. चौकोनी चित्रं, बाजू २.९ ते ३ मीटर. पांढरट-करड्या थरांखालून हिरवा, पिवळा, लाल डोकावतो. काम चालू असताना तो केजचं संगीत ऐकत होता म्हणून हे नाव. सहांपैकी एकही चित्र केजच्या अमुक रचनेचं चित्र नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, माझं सगळं भाषण त्यावर उभं आहे.

आता हत्यार. आपले स्क्रीन प्रिंटिंगवाले ज्याला स्क्वीजी म्हणतात तेच, फक्त रबराऐवजी अ‍ॅक्रिलिक काचेची लांब पट्टी आणि तिला लाकडी मूठ. आधी ब्रशने खालचे रंग भरायचे. मग पात्याच्या कडेवर रंग लावायचा, पातं कॅनव्हासला टेकवायचं आणि ओढत न्यायचं. आडवं किंवा उभं. रंग पसरतो आणि त्याच वेळी खालचा रंग उचललाही जातो.

सगळा खेळ खालचा थर किती सुकलाय यावर. ओला असेल तर सगळे रंग एकमेकांत कालवून चिखल होतो. पूर्ण सुकला असेल तर पातं वरून घसरतं आणि नवा रंग फक्त उंचवट्यांवर बसतो. मधली अवस्था खरी. वर साय धरलीय, आत अजून ओलं आहे. तेव्हा पातं साय फाडतं आणि त्या फाटलेल्या जागेतून तीन थर खालचा लाल अचानक समोर येतो. आणि सगळे रंग एका वेगाने सुकत नाहीत. बर्न्ट अंबर हा गडद तपकिरी त्यातल्या मँगॅनीजमुळे लवकर सुकतो, कॅडमियमचा लाल-पिवळा रेंगाळतो. म्हणजे एकाच दिवशी एकाच चित्रावर एका कोपऱ्यात साय आणि दुसऱ्या कोपऱ्यात चिखल!

बिघडण्याच्या जागा आणखी आहेत. रंगात एक वाळकी गुठळी राहिली तर तीन मीटर लांब ओरखडा, म्हणून रंग आधी गाळून घ्यावा लागतो. दाब जास्त झाला तर कॅनव्हास मागे दबतो आणि चौकटीच्या आडव्या लाकडांची छाया पुढे उमटते. वरच्या थरात खालच्यापेक्षा तेल कमी पडलं तर पुढे भेगा. आणि खर्च! नऊ चौरस मीटरवर सरासरी अर्धा मिलिमीटर जाडी धरा, साडेचार लिटर रंग झाला, म्हणजे ४० मिलिलिटरच्या शंभराहून जास्त ट्यूब. त्यातला बराचसा पुढच्या खेपेला खरवडून निघणार. आपले चित्रकार गायतोंडे, त्यांनी रोलर आणि सुरी घेऊन हाच प्रकार पातळ, पारदर्शक थरांत केला. तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे, आयोजकांनी बोलावलं तर. (हशा)

महत्त्वाची गोष्ट ही की ओढणारा हात जिथे क्षणभर अडखळतो, तिथे पात्याच्या कडेला साठलेला रंग उभ्या वळासारखा मागे राहतो. केज-चित्रांत हे वळ स्पष्ट दिसतात. सुरुवात कुठे, दम कुठे घेतला, कुठे सोडलं, सगळं वाचता येतं. वेळ किती लागला हे रंगावर लिहिलेलं आहे. ब्रशचा फटकारा सावरता येतो, हा ओढ सावरता येत नाही. लागला नाही तर पुसायचा, सुकू द्यायचा, पुन्हा ओढायचा.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं? सात. मग केज धावतच सांगतो.

१९४६मध्ये अहमदाबादच्या गीता साराभाई न्यूयॉर्कला होत्या. त्यांनी केजला हिंदुस्थानी संगीत शिकवलं, त्याने त्यांना पाश्चात्त्य काउंटरपॉइंट, म्हणजे एकाच वेळी अनेक सुरावटी गुंफायची रीत. फीची वजाबाकी. पियानोच्या तारांत स्क्रू, बोल्ट, रबर अडकवून वाजवायचा त्याचा ‘सोनाटाज अँड इंटरल्यूड्स’ आपल्या नऊ रसांच्या कल्पनेवर बेतलेला आहे. पण तोही केज इथे महत्त्वाचा नाही. महत्त्वाचा आहे १९५१चा ‘म्युझिक ऑफ चेंजेस’. तीन नाणी सहादा उडवायची, ‘ई चिंग’ या प्राचीन चिनी शकुनग्रंथातल्या ६४ आकृत्यांपैकी एक मिळते. मग ६४ घरांच्या तक्त्यात त्या क्रमांकाच्या घरात काय आहे ते घ्यायचं. नादाचा तक्ता वेगळा, कालावधीचा वेगळा, जोराचा वेगळा. आणि नादांच्या तक्त्यातली निम्मी घरं रिकामी, म्हणजे शांतता. लोक याला लहर म्हणतात. एका सुरासाठी इतकी नाणी उडवणारा माणूस लहरी कसा?

आता छापलेला विषय, तीन वाक्यांत. केजकडून रिख्टरने घेतलं ते हे की आपल्या आवडीला बाजूला सारण्यासाठी बाहेरची एक यंत्रणा लागते, केजची नाणी, याचं पातं. पण केज नाणं पडेल ते मान्य करतो, रिख्टर करत नाही. तो पातं ओढतो, दिवसेंदिवस बघत बसतो, नापसंत पडलं तर खरवडतो, म्हणजे नकाराचा हक्क त्याने हातात ठेवलाय. केजची निम्मी रिकामी घरं आणि रिख्टरचं खरवडणं यांत नातं आहे असं माझं म्हणणं आहे, ते सविस्तर सिद्ध करायचं होतं, वेळ तंबोऱ्याने आणि चंद्राने खाल्ला.

एक राहिलं, ते सोडवत नाही. रिख्टरने १९९०च्या आपल्या एका चित्राची प्रतिमा उभी कापली, दोन भाग, चार, आठ, असं ४०९६पर्यंत. एकूण पट्ट्या ८१९०. प्रत्येक पट्टी आरशासारखी उलटून जोडत गेला. कोरिना बेल्त्झने त्यावर चित्रपट केला आणि त्याच्यासोबत वाजवायला अमेरिकन संगीतकार स्टीव्ह राइशने रचना केली. न्यूयॉर्कच्या ‘द शेड’ या कलाकेंद्रात २०१९ साली ती झाली. पडद्यावर दोनाचा नमुना असताना वाद्यांत दोन सुरांचा झुला, चाराला चार, आठाला आठ, सोळाला सोळा. आपल्याला वाटतं आता अठगुन, सोळागुन चढत जाणार. राइश उलट करतो. पट्ट्या बारीक होत जातात तसे सूर लांबत जातात, आणि ५१२वरून १०२४वर जाताना संगीत जवळजवळ ठाय लयीत येतं. परतीला पुन्हा जलद. इथे कुणीही निळ्याला कोमल निषाद म्हटलेलं नाही. हिशेब जुळलाय, तो विभागणीचा.

संयोजक उभे राहिले. स्लाइड्स राहिल्या, सहाही चित्रांच्या. त्या लावा, मी खाली बसतो.