चालणाऱ्याची बाजू, सायकलची बाजू

मंडळी, आज इथे येऊरचा चढ सायकलने चढणारे आहेत, तसेच ठाण्याहून शिर्डीला पायी जाणारेही आहेत. दोघांनाही विचारतो, फुटपाथ नसलेल्या रस्त्यावर कुठल्या बाजूने जायचं? बहुतेक जण डावीकडून म्हणतील. सायकलला ते बरोबर आहे. चालणाऱ्याने मात्र उजवीकडून, समोरून येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून चालावं.

ताशी 60 किलोमीटरने येणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ 17 मीटर पुढे येते. चालणाऱ्याचा वेग जेमतेम 5. त्यामुळे पाठ असो की तोंड, गाडी जवळपास तेवढ्याच वेगाने येऊन भिडते. पण समोर दिसली, तर वेळीच साईडपट्टीवर उतरता येतं. पाठीमागून आली, तर सगळी भिस्त चालकाच्या नजरेवर. सायकल 15च्या वेगाने डावीकडून चालली, तर तीच गाडी 45ने जवळ येते. उलट्या बाजूने गेलात तर 75ने. शिवाय फाट्यावरून डावीकडे वळणारा चालक उजवीकडून कोणी येतंय का, हेच पाहत असतो. उलट आलेली सायकल त्याला दिसतच नाही.

उजवी बाजूही डोळे मिटून धरू नका. मुरबाडच्या पुढे, माळशेज घाटात एखादं उजवं वळण लागतं आणि आतल्या अंगाला दरड असते. तिथे समोरची गाडी दरडीला चिकटून येते. ना तुम्ही तिला दिसता, ना ती तुम्हाला. वळणाच्या बऱ्याच आधी, दोन्हीकडचं लांबवर दिसतं तिथे, रस्ता ओलांडून डावीकडे या आणि वळण संपल्यावर परत जा. कान मागेही असू द्या, कारण ओव्हरटेक करणारी गाडी मागून तुमच्याच बाजूला येते. इयरफोन खिशात ठेवा, ही माझी कळकळीची विनंती आहे.

पायी जाणाऱ्या मंडळांनी पहाटेच्या अंधारात एकामागे एक चालावं. पुढच्याच्या हातात पांढरा दिवा, शेवटच्याच्या पाठीवर लाल. नुसते पांढरे कपडे पुरत नाहीत. रिफ्लेक्टरची पट्टी घोट्यांना बांधा. पावलांबरोबर ती हलते आणि पुढे माणूस चालतोय हे चालकाला लांबूनच कळतं. पावसात छत्रीपेक्षा भडक रेनकोट बरा. वाऱ्याला छत्री तोंडासमोर धरली, की समोरची गाडीच झाकली जाते.

सायकलवाल्यांनो, डांबराच्या अगदी कडेने चालवू नका. थरावर थर चढून कित्येक ठिकाणी डांबर साईडपट्टीपेक्षा चांगलं चार बोटं वर आलंय. चाक खाली घसरलं आणि घाईने वर घेतलं, की सायकल रस्त्याच्या मधोमध आडवी होते. हातभर आतून चला. आणि नवा थर टाकताना कडेला मुरूम भरून दाबून घेतला जातोय का, हे काम चालू असतानाच जाऊन पाहा. नसेल, तर ग्रामपंचायतीला सोबत घेऊन तिथल्या तिथे मागणी करा. रोलर निघून गेल्यावर कोणी परत येत नाही.