ज्ञानोदय : नगरच्या मिशनचं पत्र

जून १८४२, अहमदनगर. ‘दर्पण’ हे पहिलं मराठी वृत्तपत्र बंद पडून दोन वर्षं होत आलेली. मराठीत नियतकालिकं बोटांवर मोजण्याइतकी. अशा वेळी अमेरिकन मराठी मिशननं नगरात एक मासिक सुरू केलं, ‘ज्ञानोदय’. पहिले संपादक रेव्हरंड हेन्री बॅलंटाइन.

येशूची शुभवार्ता घरोघर पोचवायची, हा हेतू उघड होता. पण नुसत्या प्रवचनासाठी वर्गणी कोण भरणार? म्हणून भूगोल आला, खगोल आला, देशोदेशीच्या बातम्या आल्या. सोबत मूर्तिपूजा, पुराणं आणि जातिभेद यांच्यावर टीका. ती बोचरी असे, कधी सरळ तुच्छतेची. समोरचेही गप्प बसणारे नव्हते. मोरभट दांडेकरांनी मिशनऱ्यांना उत्तर द्यायला ‘उपदेशचंद्रिका’ हे मासिक काढलं. खरं सांगायचं तर, मराठी गद्याला धार चढली ती अशाच भांडणांतून.

पुढे पत्राचा मुक्काम मुंबईला हलला. छपाई मिशनच्याच छापखान्यात. याच छापखान्यात टाइप घासायच्या कामाला लागलेला एक पोरगा, जावजी दादाजी, पुढे ‘निर्णयसागर’ या नामवंत छापखान्याचा मालक झाला!

आणि मग १५ फेब्रुवारी १८५५ चा अंक. त्यात एक निबंध, मांग-महारांच्या दुःखाविषयी. उरलेला भाग १ मार्चच्या अंकात. लिहिणारी मुक्ता, पुण्यात जोतीराव फुल्यांच्या शाळेत शिकणारी मांग समाजातली मुलगी. वय अवघं चौदा. ती लिहिते, मोठमोठ्या इमारतींच्या पायात आमच्या माणसांना तेल-शेंदूर पाजून पुरत. बाळंत होणाऱ्या बाईच्या डोक्यावर छप्पर नसे, याबद्दल लिहिते. वेद जर ब्राह्मणांचेच, तर आम्हाला धर्मपुस्तक नाही. मग आमचा धर्म कोणता, हा सवाल ती थेट देवालाच करते.

हा मजकूर मिशनच्या सोयीचा होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण तो छापला गेला आणि टिकला. ‘ज्ञानोदय’चे जुने अंक आज अभ्यासक धुंडाळतात ते बरंचसं या निबंधासाठी आणि फुल्यांच्या शाळांच्या वृत्तांतांसाठी.

नंतर काही काळ संपादन ख्रिस्ती मराठी लेखक बाबा पद्मनजींकडे होतं. १९१२ मध्ये मराठी विभाग रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या हाती आला, आणि १९१९ मध्ये त्यांचं निधन होईपर्यंत त्यांच्याकडेच राहिला. परदेशी मिशनऱ्यांनी काढलेल्या या पत्राची मराठी बाजू आता तुकोबांच्या अभंगांवर पोसलेला कोकणातला कवी सांभाळत होता.