फोर्टातल्या बँका एवढ्या भक्कम का बांधल्या?

नमस्कार मंडळी, आत्ता मी मुंबईच्या फोर्टात हॉर्निमन सर्कलला उभी आहे, समोर एशियाटिक लायब्ररीच्या त्या फेमस पायऱ्या, आणि हा आवाज येतोय ना तो बेस्टच्या बसचा, त्याला इलाज नाही. लहानपणी आजोबांचं बोट धरून या भागात यायचे तेव्हा वाटायचं बँक म्हणजे दगडाचीच असते.

तर इथे आधी मोकळं मैदान होतं, बॉम्बे ग्रीन म्हणायचे, कापसाच्या गठ्ठ्यांचे ढीग लागायचे. १८६१ला अमेरिकेत यादवी सुरू झाली, दक्षिणेतली बंदरं अडवली गेली, इंग्लंडमधल्या लँकशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि मग सगळे वळले आपल्याकडे, भाव असे काही चढले की मुंबईत बँका आणि कंपन्यांचं पीकच आलं. लोक शेअर तारण ठेवून कर्ज काढायचे आणि त्या पैशातून परत शेअरच घ्यायचे! १८६५ला युद्ध संपलं, कापूस कोसळला, मागोमाग शेअर.

आता नीट ऐका. १८४०ला सुरू झालेली बँक ऑफ बॉम्बे, सरकारचा पैसा असलेली, एकेकाळी स्वतःच्या नोटा काढणारी, तीसुद्धा १८६८ला बुडाली. लगेच त्याच वर्षी नवी बँक उभी केली, १९२१ला ती बंगाल आणि मद्रासच्या बँकांबरोबर इंपीरियल बँकेत गेली, आणि १९५५ला इंपीरियलची झाली स्टेट बँक. आज तिची मुंबई मेन ब्रांच इथेच आहे, सर्कलला लागून.

म्हणून मला या भिंती बघून नुसतं 'वा काय सुंदर' म्हणवत नाही. ठेवींचा विमा, म्हणजे बँक बुडाली तरी ठेवीतले ठरावीक पैसे परत मिळण्याची हमी, आपल्याकडे आला १९६२ला, तोपर्यंत साध्या माणसाला बँकेचा ताळेबंद कुठला कळणार, तो बघणार जाड भिंत, उंच खांब आणि जड दरवाजा. भरवसा वाटावा म्हणून दगड लागायचा, आणि तो दगड घडवणाऱ्या पाथरवटांची नावं मात्र कुठेच नाहीत, हे मला खरंच लागतं.

आता मोठी ऑफिसं नरिमन पॉइंट नाहीतर बीकेसीला, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात. पण तुम्ही इथे आलात तर सर्कलच्या कमानींखाली थांबा आणि मान वर करा, मधल्या दगडात दाढीमिशांचे चेहरे कोरलेत. कॅमेरा वर घेते, हा बघा, हा पहिला.