विमानाची शिवण उसवते तेव्हा

नमस्कार मंडळी. विमानात चढताना दरवाजाजवळ जरा बघा, पत्र्यावर टिकल्यांसारख्या गोल खुणांच्या रांगा दिसतात ना, ते रिव्हेट, म्हणजे भोकांतून घालून दोन पत्रे जोडणारे धातूचे खिळे. एका पत्र्याची कड दुसऱ्यावर चढवून शिवण घालावी तसंच ते, आणि आज मला ती शिवण उसवते कशी ते सांगायचंय.

28 एप्रिल 1988. हवाई बेटांवर हिलोहून होनोलुलूला निघालेलं अलोहा एअरलाइन्सचं बोईंग 737. 24,000 फुटांवर पोचलं आणि धाडकन पुढच्या भागाचं छप्परच उडालं, दरवाजाच्या मागून जवळपास 18 फूट! एअर होस्टेस क्लॅराबेल लान्सिंग उभ्या होत्या, त्या बाहेर फेकल्या गेल्या, सापडल्याच नाहीत. प्रवासी पट्टे बांधून बसलेले म्हणून वाचले, जखमी पुष्कळ झाले, पण वैमानिकांनी 13 मिनिटांत विमान माउई बेटावर उतरवलं. कमाल आहे त्यांची.

हा पत्रा एक मिलिमीटरपेक्षाही पातळ. वर गेलं की आतली हवा त्याला फुगवते, खाली आलं की सैल, आणि हे विमान बेटाबेटांत छोट्या फेऱ्या मारणारं, 89,680 वेळा असं फुगलं आणि बसलं. जोडात गोंद होता, ताण खरं तर त्यानं घ्यायचा, पण दमट खाऱ्या हवेत तो सुटत गेला (खारी हवा काय करते ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको) आणि सगळा भार रिव्हेटवर आला. आता रिव्हेटचं डोकं सपाट बसावं म्हणून भोक वरून तिरकं कापतात, त्यामुळे त्याची खालची कड सुरीच्या धारेसारखी होते. बारीक तडा पडतो तो तिथंच, केसाएवढा.

एकाच भोकाला तडा असता तर निभावलं असतं, कारण पत्र्याला आतून पट्ट्या असतात, फाटत आलेला पत्रा तिथं वळावा, छोटं भगदाड पडून हवा निघून जावी असा हिशेब. इथं शेजारशेजारच्या कितीतरी भोकांना तडे होते. पोस्टाच्या तिकिटांचा कागद आठवा, भोकांच्या रांगेवर फाडायला जोर लागतो का? एका ठिकाणी सुटलं की भार शेजारी, तिथं सुटलं की त्याच्या शेजारी, डोळ्याचं पातं लवायच्या आत. आणि रिव्हेटच तुटतात असं नाही हं, बरेचदा रिव्हेट शाबूत राहतो, दोन भोकांमधला पत्रा जातो.

मला सगळ्यात लागतं ते वेगळंच. चढताना एका प्रवाशाला दाराजवळ आडवा तडा दिसला होता. कोणाला सांगितलं नाही.