गॅरेजवरची खोली

(दृश्य : मिनीॲपोलिस, जानेवारीची पहाट. गॅरेजचं दार वर सरकतंय.)

बाहेर उणे वीस सेल्सियस. घरात हीटर रात्रभर चालू आहे, पण गॅरेजवरच्या या खोलीत जमीन मोज्यांतूनही झोंबते. पुण्याहून आलेल्या आजींनी उपाय सांगून टाकलाय, "अरे, खाली गॅरेजातच एक हीटर लाव की!"

लावता येईल. बिल मात्र ढगात जाईल.

(दृश्य : गॅरेजच्या छताचा जिप्सम बोर्ड उतरवलाय. तुळयांमध्ये लोंबणारं ग्लासवूल, म्हणजे थंडी अडवायला भरलेला काचेच्या धाग्यांचा कापूस.)

हे ग्लासवूल नीट बघा. जागोजागी काळं पडलंय. बुरशी नाही, धूळ आहे. ग्लासवूल वारा अडवत नाही, गाळतं. शिवाय वरच्या फळ्यांपासून ते सुटून खाली आलंय, म्हणून मधल्या फटीत गार हवा मोकाट फिरते.

यावर उपाय, फवारला की फुगणारा फोम. पण तो कुठे मारायचा? पुष्कळांना वाटतं, गॅरेजच्या भिंतींना. पण फोम ऊब तयार करत नाही. गोधडी खुंटीवर टांगून खोली गरम होते का? गोधडी लागते अंगाभोवती. इथे अंग म्हणजे वरची खोली.

(दृश्य : मास्क घातलेला कारागीर. नळीतून फवारा, काही सेकंदांत फुगणारा फेस.)

दोन रसायनांची दोन पिंपं, आयसोसायनेट आणि पॉलिऑल. नळीच्या तोंडाशी एकत्र येतात आणि तिथेच फुगून घट्ट होतात. वाफा घातक, म्हणून घरातली मंडळी आज मित्राकडे मुक्कामाला गेलीत. हा क्लोज्ड-सेल, म्हणजे बंद बुडबुड्यांचा फोम इंचाला इंच ग्लासवूलच्या जवळजवळ दुप्पट उष्णता अडवतो. फटीही बुजतात, त्यामुळे गाडीचा धूर वर झिरपायचा कमी होतो. खरं तर तेवढ्यासाठीही हा खर्च करावा.

(दृश्य : तुळयांमधून गेलेली पाण्याची नळी, जवळून.)

इथे हात थांबतो. फोम नळीच्या खालून हवा. नळी आणि खोली यांच्यामध्ये तो भरला, तर खोलीची ऊब नळीपर्यंत पोचणारच नाही आणि पहिल्या कडक थंडीत ती फुटेल.

फोम जळतो, म्हणून उघडा ठेवायचा नाही. वर राहती खोली असेल तर अमेरिकेतल्या नियमांप्रमाणे गॅरेजच्या छताला 5/8 इंचाचा, आगीला टिकणारा जिप्सम बोर्ड लागतो. तो पुन्हा चढतो.

(दृश्य : आठवड्यानंतर. आजी खोलीत मांडी घालून बसल्यात.)

गॅरेज आता आधीपेक्षा गार आहे. घराची चोरटी ऊब बंद झालीय ना! कोपऱ्यातली पाण्याची बाटली इतके दिवस गोठत नव्हती. आज ती दगड झालीय.