बऱ्या झालेल्या उंदरांचं पुढे काय झालं?

प्रयोगशाळेतला उंदीर औषधाने बरा झाला, की बातमी होते. माझं म्हणणं असं, की तो बरा होताना त्याच्या शरीराचं काय झालं, हे आधी विचारायला हवं. मुलांच्या मेंदूतल्या गाठींबाबत तर नक्कीच.

डीआयपीजी घ्या. ही गाठ मेंदूच्या देठात, पॉन्समध्ये होते. गिळणं, डोळे हलवणं, चेहऱ्याचे स्नायू, सगळ्यांच्या नसांची तिथे दाटी. गाठीच्या पेशी निरोगी पेशींत मिसळून पसरतात, त्यामुळे ती कापून काढता येत नाही. निदानानंतर बहुतेक मुलं वर्षभराच्या आसपासच जगतात. कित्येक वर्षं एमआरआय पाहूनच निदान व्हायचं. तपासणीसाठी तुकडासुद्धा काढत नसत. मग संशोधकांना पेशी मिळणार कुठून?

त्या दिल्या आईवडिलांनी. मूल गेल्यावर, त्या अवस्थेतही, त्यांनी गाठ दान करायला संमती दिली. स्टॅनफर्डमध्ये मिशेल मॉन्ये यांच्या गटाने शवविच्छेदनातून मिळालेल्या अशा पेशी जिवंत ठेवल्या, वाढवल्या आणि 2011 मध्ये ते काम प्रसिद्ध केलं. या पेशी द्रवात तरंगणारे छोटे गोळे करून वाढतात. प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदराच्या मेंदूत त्या सोडल्या, की तिथे तीच गाठ धरते.

पुढे या पेशींवर जीडी2 नावाचा रेणू भरपूर सापडला. त्याला ओळखणाऱ्या कार-टी पेशी, म्हणजे गाठीवर हल्ला करायला मुद्दाम घडवलेल्या प्रतिकारशक्तीच्या पेशी, उंदरांना दिल्या. (आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या कार-टीबद्दल तुम्ही वाचलं असेल, ती रक्ताच्या कर्करोगासाठी आहे, तत्त्व तेच.) 2018 मध्ये निकाल आला: गाठी जवळजवळ नाहीशा झाल्या. पण काही उंदीर दगावले. लढाई सुरू झाली तशी मेंदूला सूज आली, आणि त्या अरुंद जागेत सुजेला वाव नव्हता.

हे लपवलं गेलं नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. 2020 मध्ये रुग्णांवर चाचणी सुरू झाली ती सुजेची तयारी ठेवूनच: कवटीतला दाब मोजण्याची आणि गरज पडल्यास पाणी काढून तो उतरवण्याची सोय, सोबत अतिदक्षतेची देखरेख. 2024 च्या अहवालानुसार 11 पैकी 9 जणांना काही ना काही फायदा झाला. चौघांची गाठ निम्म्याहून जास्त आटली, त्यांतल्या एकाची तर पूर्ण गेली.

दुसरी गोष्ट मेड्युलोब्लास्टोमाची, म्हणजे लहान मेंदूत होणाऱ्या गाठीची. या गाठीच्या एका प्रकारात हेजहॉग हा पेशींना वाढायला सांगणारा संदेशमार्ग बेफाम चालतो. तो रोखणाऱ्या औषधाने उंदरांच्या गाठी विरघळल्या. मात्र वाढत्या वयाच्या पिल्लांना ते थोडेच दिवस दिलं, तरी त्यांच्या हाडांची वाढ कायमची बिघडली. हे 2008 मध्येच छापून आलं होतं. प्रौढ उंदरांवर भागवलं असतं, तर हे कळलंच नसतं. पुढे याच गटातल्या औषधांवर असलेल्या काही मुलांच्या हाडांच्या टोकांजवळच्या वाढीच्या पट्ट्या वेळेआधी बंद झाल्या. म्हणून आता ही औषधं शक्यतो हाडांची वाढ पूर्ण झालेल्यांसाठीच राखून ठेवतात.